डॉक्युमेंटेशन आपोआप निघतं, कारणं निघत नाहीत

(यवतमाळ इथे अभियांत्रिकीचे विद्यार्थी, शिक्षक आणि सॉफ्टवेअरमध्ये काम करणारे तरुण यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तिथे तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न घेतले आहेत.)

समोर तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं-मुली आहेत, त्यांचे शिक्षक आहेत, आणि मागच्या रांगेत नोकरी करणारी काही मंडळीही दिसतात. या तिघांनाही कधी ना कधी लागणारा विषय मी निवडला आहे: अनेक फोल्डर असलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशन यंत्राकडून काढून घेणं. ते कसं करायचं, कुठलं बटण दाबायचं, याची माहिती भरपूर मिळते. मला आज त्याची समीक्षा करायची आहे. एखादं पुस्तक वाचल्यावर आपण विचारतो ना, की हे कोणासाठी लिहिलंय, यात काय आहे, काय राहून गेलंय, तेच प्रश्न या आपोआप निघालेल्या पानांना विचारायचे आहेत. शेवटी तीही पानंच आहेत. कोणीतरी ती वाचणार आहे, आणि वाचणाऱ्याचं काम त्यावर अडलेलं असणार आहे.

हा वाचणारा कोण, ते आधी ठरवू. आपल्या जिल्ह्यात सोळा तालुके. उमरखेडपासून वणीपर्यंत कुठेही जा, एखादी जिनिंग असते, पतसंस्था असते, कृषी सेवा केंद्र असतं, दालमिल असते, आणि तिथे कोणीतरी स्थानिक मुलानं करून दिलेलं छोटं सॉफ्टवेअर चालू असतं. तो मुलगा पुढे पुण्याला जातो, हैदराबादला जातो. जायलाच पाहिजे, त्यात त्याची चूक काही नाही. मग सॉफ्टवेअर बिघडतं, किंवा सरकारी नियम बदलतो, आणि दुसरं कोणीतरी त्या खुर्चीत बसतं. त्याच्या हातात येतं ते एक मोठं फोल्डर, त्यात सात-आठ लहान फोल्डर, आणि फार तर एक कोड डॉक्युमेंटेशनची फाइल. माझा वाचक तो आहे. परीक्षक नाही, ज्यानं कोड लिहिला तोही नाही. खुर्चीत नव्यानं बसलेला माणूस.

आता थोडा इतिहास, लवकर उरकतो. कोड आणि त्याचं स्पष्टीकरण एकाच ठिकाणी ठेवावं, ही कल्पना जुनी आहे. डोनाल्ड नूथ यांनी 1984 मध्ये ‘लिटरेट प्रोग्रामिंग’ नावानं ती मांडली. त्यांचं म्हणणं असं की प्रोग्राम माणसाला समजावून सांगायचा म्हणून लिहावा, माणसाला सोयीच्या क्रमानं लिहावा, आणि संगणकाला लागणारा क्रम यंत्रानं मागाहून लावून घ्यावा. टेक हा त्यांचा अक्षरजुळणीचा अख्खा प्रोग्राम त्यांनी या पद्धतीनं लिहून पुस्तकरूपात छापला. पुढे 1996 मध्ये जावाबरोबर जावाडॉक आलं, 1997 मध्ये दिमित्री व्हान हीश यांचं डॉक्सिजेन आलं, 2008 मध्ये पायथॉनवाल्यांसाठी गेऑर्ग ब्रांडल यांचं स्फिंक्स आलं. या सगळ्यांनी नूथ यांच्या कल्पनेतला एक अर्धा भाग उचलला: स्पष्टीकरण कोडजवळ राहील. दुसरा अर्धा भाग, म्हणजे क्रम माणसाच्या सोयीचा असेल, तो सुटला. आता क्रम फाइलींचा, फोल्डरांचा आणि वर्णमालेचा. माझी आजची सगळी तक्रार या सुटलेल्या अर्ध्या भागाबद्दल आहे.

हवेत बोलायला नको, एक प्रकल्प समोर ठेवू. हा बनवलेला आहे, फक्त उदाहरणासाठी. समजा, चार मुलांनी एका जिनिंगसाठी कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर केलं. भाषा सी प्लस प्लस. मुख्य फोल्डरमध्ये सहा फोल्डर: ‘काटा’, ‘ग्रेड’, ‘हिशोब’, ‘पावती’, ‘कॉमन’ आणि ‘ओल्ड’. गाडी काट्यावर येते, भरल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं वजन होतं, ग्रेडर ओलावा बघतो, दर लागतो, पावती निघते. कॉमनमध्ये सगळ्यांना लागणारी फंक्शन्स. ओल्डमध्ये मागच्या वर्षीचं, जे काढून टाकायची कोणाची हिंमत झाली नाही. हसू नका, प्रत्येकाच्या प्रकल्पात एक ओल्ड असतं.

यावर डॉक्सिजेन चालवू. तो सेटिंगची एक फाइल तयार करून देतो, तिला डॉक्सिफाइल म्हणतात. काहीही न बदलता मुख्य फोल्डरमध्ये उभं राहून चालवलं तर काय मिळतं? जवळजवळ रिकामं पान. कारण त्यात ‘रिकर्सिव्ह’ नावाचं एक सेटिंग आहे आणि ते मुळात ‘नो’ असतं. म्हणजे तो मुख्य फोल्डरमधल्या फाइली बघतो, आतल्या फोल्डरांत उतरत नाही. आपला सगळा कोड तर आतच आहे. पुष्कळ जण इथेच कंटाळतात. बरं, ते ‘येस’ केलं. आता तो सगळीकडे उतरतो. ओल्डमध्येही उतरतो, आणि कोणाची बाहेरून आणलेली लायब्ररी आत टाकलेली असेल तर तिच्यातही. ती वगळायला ‘एक्सक्लूड’ नावाचं सेटिंग आहे, तिथे फोल्डरांची नावं द्यावी लागतात. इथे लक्षात घ्या: काय वगळायचं हे यंत्राला माहीत नाही, ते तुम्हीच सांगायचं आहे. म्हणजे ‘आपोआप’ या शब्दातला पहिला निर्णय माणसाचाच निघाला.

तरीही पानं कमीच दिसतात. कारण ज्यावर खास पद्धतीची टिप्पणी लिहिलेली आहे तेवढंच डॉक्सिजेन दाखवतो. मग कोणीतरी सुचवतं, ‘एक्सट्रॅक्ट ऑल’ येस कर. केलं, आणि काय चमत्कार! शेकडो पानं. प्रत्येक फंक्शनचं नाव, त्याला काय द्यायचं, ते काय परत देतं, कोणत्या फाइलीत आहे. ग्राफव्हिझ बसवलेलं असेल तर कोणतं फोल्डर कोणावर अवलंबून आहे त्याची बाणांची आकृतीसुद्धा. प्रकल्पाचा अहवाल जाड होतो, सगळे खूश.

हे सेटिंग मला सगळ्यात जास्त खटकतं, म्हणून इथे जरा थांबतो. एरवी टिप्पणी नसलेलं फंक्शन भेटलं की डॉक्सिजेन इशारा देतो, ‘याच्यावर काही लिहिलेलं नाही.’ एक्सट्रॅक्ट ऑल येस केलं की हे इशारे बंद होतात. ही माझी टीका नाही, त्यांच्याच मॅन्युअलमध्ये तसं लिहिलं आहे, आणि त्यांच्या बाजूनं ते बरोबरही आहे. तुम्हीच सांगितलं की सगळ्याला लिहिलेलं समजा, मग ते कशाला कुरकुर करतील? पण परिणाम बघा. ज्या बटणानं डॉक्युमेंटेशन भरलेलं दिसतं, त्याच बटणानं ते कुठे रिकामं आहे हे सांगणारी घंटा बंद होते. जाडी वाढली आणि उणीव दिसेनाशी झाली. अहवालाची जाडी बघून गुण देण्याची आपल्याकडे सवय आहे, त्या सवयीला हे बटण फार मानवतं.

आता त्या पानांत शिरू. ग्रेड फोल्डरमध्ये एक फंक्शन आहे. त्याला ओलाव्याची टक्केवारी द्यायची, ते दर परत देतं. आत लिहिलंय: आठपर्यंत पूर्ण दर, आठच्या वर बारापर्यंत प्रमाणात कमी, बाराच्या वर शून्य. डॉक्युमेंटेशनच्या पानावर काय येतं? फंक्शनचं नाव, ‘ओलावा: दशांश संख्या’, ‘परतावा: दशांश संख्या’. टिप्पणी लिहिली असेल तर ‘ओलाव्यानुसार दर काढतो.’ सगळं खरं आहे, एक अक्षर चुकीचं नाही. पण आठ आणि बारा का? हे इथल्या शेतकऱ्याच्या पोराला माहीत आहे: भारतीय कापूस महामंडळ, सीसीआय, हमीभावानं खरेदी करताना आठ टक्के ओलावा धरते, बारापर्यंत दर कमी करून घेते, बाराच्या वर घेत नाही. हा नियम कोडच्या बाहेरचा आहे. उद्या तो बदलला तर हे आकडे बदलावे लागतील. पण मग त्याच प्रकल्पात हिशोब फोल्डरमध्ये खासगी व्यापाऱ्यासाठी आणखी एक ‘बारा’ लिहिलेला असेल, तो त्या दोघांमधल्या बोलीचा असेल, आणि तो बदलायचा नसेल. पानावर दोन्ही बारा एकसारखे दिसतात. नव्या माणसानं शोधून दोन्ही बदलले, की कोणाच्या तरी पावतीत फरक पडला. आणि ती पावती घेऊन जाणारा माणूस काट्यावर परत भांडायला येतोच असं नाही.

आणि शून्य? बाराच्या वर शून्य म्हणजे ‘दर शून्य’ की ‘घेऊ नका’? लिहिणाऱ्याच्या डोक्यात ‘घेऊ नका’ होतं. पावती फोल्डर मात्र त्याला दर समजून शून्य रुपयांची पावती छापू शकतं. दोन फोल्डरांच्या मधला हा करार आहे. तो एका फंक्शनच्या पानावर मावत नाही, दुसऱ्याच्याही नाही. यंत्र एकेका फंक्शनचं पान काढतं. दोघांच्या मधल्या जागेचं पान ते काढत नाही.

दुसरी गोष्ट. ओल्ड वगळायचं राहिलं, तर शोधपेटीत ‘दर’ टाइप केल्यावर दोन फंक्शन्स येतात, एक ग्रेडमधलं आणि एक ओल्डमधलं. दोन्हींची पानं सारख्या अक्षरांची, सारख्या मांडणीची. कॉमनमधलं दोन ओळींचं, तारीख उलटी करणारं फंक्शन आणि ज्यावर शेतकऱ्याचे पैसे ठरतात ते फंक्शन, दोघांनाही सारखंच पान. माणूस समजावून सांगतो तेव्हा आवाज चढवतो, उतरवतो, म्हणतो, ‘हे सोड, इकडे बघ.’ यंत्रानं काढलेल्या पानाला आवाज नसतो. नव्या माणसाला सगळ्यात आधी हवं असतं ते हेच, की कुठून सुरू करू आणि काय सोडून देऊ.

ही तक्रार मी एकटा करत नाही. जँगो या वेब फ्रेमवर्कचं डॉक्युमेंटेशन जगभर नावाजलं जातं. त्यामागचे एक प्रमुख, जेकब कॅप्लन-मॉस, यांनी 2009 मध्येच लिहून ठेवलं की आपोआप काढलेल्या डॉक्युमेंटेशनची किंमत जवळजवळ शून्य आहे. मी इतक्या टोकाला जाणार नाही. नाव आठवतं पण त्याला काय काय द्यायचं ते आठवत नाही, तेव्हा ही यादी फार कामाची. कोड बदलला की यादीही बदलते, हाताने लिहिलेली यादी मात्र शिळी होते. यादी यंत्रानेच करावी. माझा आक्षेप यादीला डॉक्युमेंटेशन म्हणण्याला आहे.

मराठीबद्दल दोन शब्द, कारण ‘टिप्पणी मराठीत लिहिली तर चालेल का’ हे इथे हमखास विचारलं जातं. चालेल. डॉक्सिजेन मुळातच यूटीएफ-आठ धरून चालतो, ब्राउझरमध्ये देवनागरी नीट दिसते. पीडीएफ काढताना मात्र लॅटेकची नेहमीची वाट देवनागरी घेत नाही, तिथे झीलॅटेक आणि फॉन्ट ठरवून द्यावा लागतो. पानावरचे ठरलेले शब्द, ‘फाइल्स’, ‘फंक्शन्स’ वगैरे, कोणत्या भाषेत हवे ते निवडता येतं. त्या यादीत हिंदी आहे, मराठी अजून नाही. कोणाला करायचं असेल तर हे करण्यासारखं काम आहे, एका फाइलीतल्या शब्दांचं भाषांतर आहे. एक गंमत सांगतो. जावाडॉकची रीत अशी की टिप्पणीतलं पहिलं वाक्य म्हणजे थोडक्यात वर्णन, आणि वाक्य संपलं कसं ओळखायचं तर पूर्णविराम आणि पुढे मोकळी जागा. डॉक्सिजेनमध्येही ही रीत चालू करता येते. आता तुम्ही लिहिलं, ‘कापसाचं वजन कि. ग्रॅ. मध्ये देतो.’ तर यादीत काय येईल? ‘कापसाचं वजन कि.’ बस्स. म्हणून ‘किलो’ लिहा. यंत्र वाक्य वाचत नाही, टिंब मोजतं.

पायथॉनवाल्यांनाही एक सांगतो. स्फिंक्सचं ऑटोडॉक तुमची फाइल नुसती वाचत नाही, ती इंपोर्ट करतं, म्हणजे चालवतं. फाइल उघडल्या उघडल्या डेटाबेसला जोडणी करणारा किंवा काही पुसणारा कोड तुम्ही वरच लिहून ठेवला असेल, तर डॉक्युमेंटेशन काढताना तोही चालेल. फोल्डरांतून फिरून पानं करणारं स्फिंक्स-एपीआयडॉक आहे, पण ज्या फोल्डरमध्ये ‘इनिट’ फाइल नाही त्याला ते एरवी पॅकेज धरत नाही. फोल्डर गळालं तरी बाकीची पानं छान निघतात, त्यामुळे गळालेलं लक्षात येत नाही. म्हणून निघालेल्या पानांतली फोल्डरं एकदा बोटानं मोजा.

आता जरा लांब जातो, पण विषय सोडत नाही. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात रिद्धपूर आहे. तिथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या, ते लीळाचरित्र. त्यात प्रत्येक वचनाभोवती प्रसंग आहे: कुठे, कोणाला, कशावरून बोलले. पुढे केसोबासांनी त्यातली वचनं वेगळी काढून, प्रकरणवार लावून ‘सूत्रपाठ’ केला. पाठांतराला, चिंतनाला अतिशय सोयीचा ग्रंथ. पण सूत्र प्रसंगापासून सुटलं की ते कोणाला उद्देशून होतं हे वाचणाऱ्याला कसं कळणार? म्हणून पंथातल्या विद्वानांनी ‘प्रकरणवश’ नावाचे ग्रंथ केले. कोणतं सूत्र कोणत्या प्रसंगातलं, हे त्यांत सांगितलेलं असतं. सातशे वर्षांपूर्वी आपल्या माणसांना एक गोष्ट कळली होती: निवडून काढलेली, क्रमवार लावलेली यादी हवीच, आणि तिच्यासोबत प्रसंग सांगणारा दुसरा ग्रंथही हवा. एकावाचून दुसरा अपुरा. डॉक्सिजेन आपल्याला सूत्रपाठ काढून देतो. आपलं प्रकरणवश कुठे आहे?

आजच्या काळातलं, सॉफ्टवेअरमधलंच उदाहरण हवं असेल तर जीसीसी घ्या. हा कंपायलर 1987 पासून चालू आहे, त्याचा सोर्स उघडला तर फोल्डरांचं जंगल. त्यातल्या सी प्लस प्लस लायब्ररीच्या संदर्भाची पानं डॉक्सिजेननेच काढलेली आहेत, आणि लायब्ररी वापरणाऱ्याला ती पुरतात. पण ज्याला कंपायलरच्या आत काम करायचं आहे त्याला? आयआयटी मुंबईत प्राध्यापक उदय खेडकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जीसीसी रिसोर्स सेंटर चालवलं, आणि 2010 नंतरच्या काही वर्षांत ‘इसेन्शियल ॲब्स्ट्रॅक्शन्स इन जीसीसी’ या नावानं कार्यशाळा घेतल्या. त्यांची पद्धत बघा. एक अगदी लहान प्रोग्राम घ्यायचा, कंपायलरला सांगायचं की प्रत्येक पायरीनंतर काय झालं ते लिहून काढ, आणि तो प्रोग्राम पायरीपायरीनं कसा बदलत गेला ते वाचत जायचं. त्याला ते ‘ग्रे बॉक्स प्रोबिंग’ म्हणत. डबा पूर्ण बंदही नाही, पूर्ण उघडाही नाही. इथे फोल्डरांची यादी पहिल्या दिवशी येत नाही. आधी येते एका लहानशा प्रोग्रामची वाटचाल, आणि त्या वाटेवर जी फोल्डरं लागतील ती तेव्हा समजतात.

आपल्या जिनिंगच्या सॉफ्टवेअरलाही हेच करता येईल. एका गाडीची गोष्ट लिहा. गाडी आली, काटा फोल्डरमधलं हे फंक्शन चाललं, निव्वळ वजन इतकं आलं, मग ग्रेडमधलं हे, ओलावा दहा निघाला, दर इतका कमी झाला, मग हिशोब, मग पावती. दोन पानं. नव्या माणसाला शंभर पानांच्या यादीपेक्षा ही दोन पानं आधी द्या. यादीची गरज त्याला दुसऱ्या दिवसापासून लागेल.

आता एआयबद्दल न बोलता खाली बसलो तर तुम्ही सोडणार नाही. अख्खा प्रकल्प एखाद्या भाषा-मॉडेलला दिला की प्रत्येक फोल्डरची रीडमी फाइल तो झरझर लिहून देतो. भाषा सफाईदार, मराठीतसुद्धा. डॉक्सिजेनपेक्षा तो एक पाऊल पुढे आहे हे मान्य करायला हवं: फंक्शन काय करतं ते तो वाक्यात सांगतो, गाडीची गोष्टही कोडवरून जुळवून देतो. मी स्वतः तो वापरतो. धोका वेगळ्या ठिकाणी आहे. डॉक्सिजेनला कारण माहीत नसेल तर तो गप्प बसतो, पान रिकामं राहतं. मॉडेल गप्प बसेलच असं नाही. ‘बारा टक्क्यांवर शून्य’ बघून तो लिहील, ‘दर्जा राखण्यासाठी ही मर्यादा ठेवली आहे.’ ऐकायला पटतं. पण हा अंदाज आहे, आणि तो नोंदीच्या कपड्यात येतो. हिशोबमधल्या दुसऱ्या बारालाही तो तेच कारण चिकटवू शकतो. म्हणून एक साधी कसोटी: कारण सांगणाऱ्या प्रत्येक वाक्याला विचारा, ‘हे कुठून कळलं?’ परिपत्रक, बैठक, मालकाचा फोन, काहीतरी दाखवता आलं पाहिजे. नाही दाखवता आलं तर ते वाक्य खोडा. रिकामी जागा परवडते, कारण रिकामी जागा बघून नवा माणूस निदान कोणाला तरी विचारायला जातो.

मग करायचं काय? आपल्याकडे याचा नमुना घरोघरी आहे. सातबारा. गाव नमुना सातवर आज जमीन कोणाच्या नावावर आहे, बारावर पीक काय. ही झाली आजची स्थिती. पण ती तशी का झाली, वारसानं, खरेदीनं की वाटणीनं, ते तिथे सविस्तर लिहीत बसत नाहीत. त्याची नोंदवही वेगळी, गाव नमुना सहा, फेरफार. आणि सातबाऱ्यावर त्या फेरफाराचा क्रमांक असतो. भांडण लागलं की माणूस क्रमांक धरून फेरफार काढतो आणि कारणापर्यंत पोचतो. आपल्या डॉक्युमेंटेशनला हा क्रमांक नाही. यंत्रानं काढलेलं पान म्हणजे फेरफार क्रमांक नसलेला सातबारा. तो आपण लिहू शकतो. आठ आणि बारा या आकड्यांवर एक ओळ: ‘सीसीआयचा खरेदी नियम, अमुक हंगाम, बदलल्यास फक्त इथे बदला.’ गिट वापरत असाल तर कमिटच्या संदेशात ‘बदल केला’ असं लिहू नका, बदल कोणी मागितला आणि का, ते लिहा. तीच आपली फेरफार नोंदवही.

आणि फोल्डरसाठी? प्रत्येक फोल्डरला एक छोटी टिपण. डॉक्सिजेनमध्ये फोल्डरवर लिहायला ‘डिर’ नावाची आज्ञा आहे, किंवा साधी रीडमी फाइल ठेवा. पाच प्रश्नांची उत्तरं पुरेत. हे फोल्डर कशासाठी आहे. याला कोण बोलावतं. याच्यात काय नाही, जे इथे असेल असं वाटतं. कोणता बाहेरचा नियम इथे आकडा होऊन बसला आहे. आणि इथे हात लावण्याआधी काय तपासायचं. तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी लक्ष देत नाही, पण नव्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ तो वाचवतो. ‘कट्टीचा हिशोब इथे नाही, तो काट्यात आहे’ एवढी ओळ अर्धा दिवस वाचवते.

त्यानंतर यंत्राला कामाला लावा, आणि उलट्या बाजूनं लावा. एक्सट्रॅक्ट ऑल बंद ठेवा, इशारे चालू ठेवा. इशारा आला की काम थांबेल असंही सेटिंग आहे. त्यामुळे कुठे लिहायचं राहिलंय हे यंत्र तुम्हाला सांगेल. लिहायचं तुम्ही. मग अहवाल बारीक होईल, चाळीस पानांचा होईल. शिक्षकांना माझी विनंती एवढीच: जाडी बघू नका. ज्या मुलांनी हा प्रकल्प केला नाही अशा दोघांना ते डॉक्युमेंटेशन द्या, एक लहानसा बदल सांगा, आणि बघा त्यांना कुठे अडतं. तोंडी परीक्षेपेक्षा यातून जास्त कळेल. आणि प्रकल्प त्या वर्षी मरणार नाही, पुढची बॅच तो पुढे नेईल.



प्रश्नोत्तरे

प्रश्न: सर, आमच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला वेळच इतका कमी असतो. कोड कसाबसा होतो. पाच प्रश्नांची उत्तरं प्रत्येक फोल्डरला लिहायला वेळ कुठून आणायचा?

उत्तर: फोल्डर किती असतात? सहा. पाच ओळी प्रत्येकी, म्हणजे तीस ओळी. तुम्ही अहवालाच्या पहिल्या प्रकरणात ‘संगणकाचे महत्त्व’ याच्यावर यापेक्षा जास्त लिहिता. (हशा) ते वगळा, हे लिहा. आणि शेवटच्या आठवड्यात लिहू नका. फोल्डर तयार कराल त्या दिवशीच लिहा, कारण त्या दिवशी तुम्हाला ते का केलं हे माहीत असतं. तीन महिन्यांनी तुम्हीसुद्धा त्या खुर्चीत नवीनच बसलेले असता.

प्रश्न: एकाच नावाच्या फाइली वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असतील तर डॉक्सिजेन गोंधळतो का?

उत्तर: तो गोंधळत नाही, वाचणारा गोंधळतो. फाइलींच्या नावापुढे पूर्ण मार्ग दाखवायचं सेटिंग असतं. पण तुमच्या संगणकावरचा सगळा मार्ग, ड्राइव्हपासूनचा, तिथे यायला नको. ‘स्ट्रिप फ्रॉम पाथ’मध्ये प्रकल्पाचा मुख्य फोल्डर द्या, म्हणजे ‘ग्रेड’, ‘हिशोब’ इथपासूनच मार्ग दिसेल. आणि दोन स्वतंत्र प्रकल्प असतील, एकाची पानं दुसऱ्याशी जोडायची असतील, तर टॅगफाइल वापरा. मात्र तीन फोल्डरांत ‘युटिल्स’ नावाच्या तीन फाइली असतील, तर आधी त्यांची नावं बदला. त्याला डॉक्युमेंटेशन हा उपाय नाही.

प्रश्न: मी एका ठिकाणी अशाच जुन्या सॉफ्टवेअरवर काम करतो. लिहिणारा माणूस सोडून गेला, कारणं कोणालाच माहीत नाहीत. आता काय करायचं?

उत्तर: तुमचा प्रश्न सगळ्यात खरा आहे. एकदम सगळं लिहायला जाऊ नका. ज्या फोल्डरला या आठवड्यात हात लावावा लागला, त्याचंच टिपण लिहा. आणि सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना विचारा: काट्यावरचा माणूस, हिशोब बघणारे बाबू. कोडमधली निम्मी कारणं त्यांच्या डोक्यात असतात, त्यांना फक्त कोणी विचारलेलं नसतं. ते सांगतील ते तारखेसह आणि त्यांच्या शब्दांत लिहून ठेवा. ज्याचं कारण कळलं नाही, तिथे स्पष्ट लिहा, ‘कारण माहीत नाही, विचारून बदला.’ तुमच्या नंतर येणाऱ्याला ती एक ओळसुद्धा पुष्कळ उपयोगाची आहे.